भूगर्भाची नाडीपरीक्षा

(नभोवाणीवरून केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे विहीर खणावयाची झाली म्हणजे प्रथम पाणाड्याला बोलावणें जातें. तो शेतांतून फिरतो, उंबर कोठें आहे, वारूळ कोठें आहे हें पाहतो, हातांतील फांदी कोठें झुकते तें दाखवितो, आणि ‘येथें सात परसांवर पाणी लागेल’ असें छातीठोकपणें सांगतो. त्याचें सांगणें खरें ठरो वा न ठरो, एक गोष्ट मात्र निश्चित असते. विहीर खणतांना माणूस स्वतः तींत उतरतो. माती कोठें संपली, मुरूम कोठें लागला, काळा कातळ किती परस गेला आणि झरा कोणत्या फटींतून फुटला, हें सर्व त्याला डोळ्यांनीं दिसतें आणि हातांनीं चांचपतां येतें. भूगर्भाविषयींचें हें प्रत्यक्ष ज्ञान होय.

खनिज तेलासाठीं जी विहीर घेतात तिची गोष्ट अगदीं निराळी आहे. तिचें तोंड वीत-दोन वितींचें, आणि खोली मात्र एक मैल, दोन मैल, कधीं त्याहूनहि अधिक. तींत माणूस उतरूं शकत नाहीं. दिवा सोडून पाहावें तर तोहि उपाय चालत नाहीं, कारण ती तोंडापर्यंत गढूळ चिखलानें भरलेली असते. अशा अरुंद आणि काळोख्या भोंकांतून खालच्या खडकांचें ज्ञान करून घ्यावयाचें कसें? कोणता थर सच्छिद्र आहे, त्या छिद्रांत पाणी आहे कीं तेल आहे, आणि तेल असल्यास तें किती, हें ओळखावयाचें कसें? या प्रश्नांचीं उत्तरें शोधतां शोधतां गेल्या शंभर वर्षांत एक नवें शास्त्र उभें राहिलें. विहिरीच्या मोजमापाला इंग्रजींत ‘वेल लॉगिंग’ म्हणतात, आणि त्या मोजमापाचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राला ‘पेट्रोफिजिक्स’, म्हणजे खडकांचें पदार्थविज्ञान, असें नांव आहे. त्याचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीखालचें तेल म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एखादें मोठें तळें किंवा टांकें उभें राहतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. भिजलेल्या वाळूंत जसें पाणी असतें तसें तेल हें दगडाच्या कणाकणांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत असतें. या पोकळ्यांत मुळांत बहुधा खारें पाणी असतें; तेल मागाहून येऊन त्यांतील कांहीं पाणी बाजूस सारतें आणि आपली जागा करून घेतें. सगळें पाणी मात्र कधींच निघून जात नाहीं. म्हणून ‘येथें तेल आहे काय?’ एवढें विचारून भागत नाहीं. दगडांत शेंकडा पोकळी किती आणि त्या पोकळींत शेंकडा तेल किती, हे दोन आंकडे समजल्यावांचून विहीर चालवावी कीं बुजवून टाकावी याचा निर्णय होत नाहीं. हा निर्णय चुकला तर हानि दोन्हीकडून होते. पाण्याच्या थरावर भरमसाट खर्च होतो, किंवा तेलानें भरलेला थर निरुपयोगी समजून कायमचा गाडला जातो. यांतील दुसरी चूक अधिक भयंकर, कारण ती झाली हें बहुधा कोणाला कळतहि नाहीं.

जुन्या काळीं हा निर्णय कशाच्या आधारावर करीत? मुख्य साधन म्हणजे छिद्रकानें खरडून काढलेला दगडाचा चुरा. विहिरींत जो चिखल सतत खेळविला जातो तो छिद्रकाला थंड ठेवतो, भिंती ढासळूं देत नाहीं आणि हा चुरा वर आणतो. परंतु चुरा वर येण्यास वेळ लागतो, आणि वाटेंत निरनिराळ्या थरांचा चुरा एकमेकांत मिसळतो. शिवाय चिखलाच्या दाबानें भिंतीजवळचें तेल मागें रेटलें जातें. त्यामुळें छिद्रक तेलाच्या थरांतून आरपार निघून जावा आणि वर उभ्या असलेल्या माणसांना त्याची गंधवार्ताहि लागूं नये, असे प्रसंग येत. दुसरें साधन म्हणजे पोकळ छिद्रकानें दगडाचा अखंड दंडगोल कापून वर काढणें. या लांबट तुकड्याला फ्रेंच लोक ‘कारॉत’, म्हणजे चक्क गाजर, म्हणतात. हा पुरावा उत्तम खरा, पण फार महाग. एकेक तुकडा काढण्यासाठीं नळांची सगळी माळ वर ओढून घ्यावी लागे, आणि ठिसूळ दगड तर मध्येंच भुगा होऊन गळून पडे.

आपल्या न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं जीं साधनें सांगितलीं आहेत त्यांत प्रत्यक्षाच्या पाठोपाठ अनुमान येतें. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण शाळेंतील मुलांनाहि ठाऊक असतें. अग्नि दिसत नाहीं, पण धूर दिसतो. आणि जेथें धूर तेथें अग्नि हा नियम पूर्वानुभवानें ठरलेला असतो. भूगर्भांतील तेल दिसत नाहीं. मग त्याचा धूर कोणता? या शास्त्राचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

त्याचा आरंभ फ्रान्समधील एका घराण्यानें केला. आल्सास प्रांतांतील गेबवीलेर या गांवीं श्लुंबर्जे नांवाचें कापडगिरणीवाल्यांचें एक सधन कुटुंब राहत असे. १८७०-७१ च्या युद्धांत फ्रान्सचा पराभव होऊन आल्सास जर्मनीच्या ताब्यांत गेला, आणि त्या अंमलाखालींच कोनराड हे १८७८ सालीं व त्यांचे धाकटे बंधु मार्सेल हे १८८४ सालीं जन्मले. वडील पॉल यांनीं मुलांना शिक्षणासाठीं फ्रान्समध्यें पाठविलें. कोनराड पदार्थविज्ञानाचे पंडित होऊन पॅरिसच्या खाणविद्यालयांत शिकवूं लागले; मार्सेल इंजिनियर झाले.

कोनराड यांच्या मनांत एक विचार घोळत होता. धातूचीं खनिजें वीज सहज वाहून नेतात, सामान्य दगड तितकी वाहून नेत नाहींत. मग जमिनींत वीज सोडून ती कोणत्या वाटेनें जाते हें पाहिलें तर खालीं काय पुरलें आहे तें वरून समजणार नाहीं काय? १९११ च्या सुमारास त्यांनीं पॅरिसमध्यें स्नानाच्या एका टबांत वाळू आणि दगड भरून हा प्रयोग आरंभिला. पुढच्या वर्षीं, १९१२ मध्यें, नॉर्मंडींतील व्हाल-रिशे या घराण्याच्या जमिनीवर त्यांनीं तारा पसरून समान विद्युद्दाबाच्या रेषांचा पहिला नकाशा काढला. लवकरच सर्बियांतील बोर येथील तांब्याच्या खाणींत या पद्धतीनें खनिजाचा शोध लावून दाखविला. इतक्यांत पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि काम बंद पडलें.

युद्धानंतर, १९१९ च्या नोव्हेंबरांत, पॉल श्लुंबर्जे यांनीं आपल्या दोन्ही मुलांशीं एक लेखी करार केला. संशोधनासाठीं पांच लक्ष फ्रँकपर्यंत रक्कम देण्याचें त्यांनीं मान्य केलें, आणि अट घातली ती अशी कीं, या कामांत शास्त्रीय संशोधनाचें हित हें पैशाच्या हिताहून वरचढ मानलें जावें. आयुष्यभर सूत आणि कापड यांचा हिशेब केलेल्या व्यापाऱ्यानें ही अट घालावी हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें कित्येक वर्षें या कामांत मिळकतीपेक्षां खर्चच अधिक झाला, आणि तरीहि तें टिकलें, याचें बरेंचसें श्रेय या करारास दिलें पाहिजे.

आतांपर्यंतचें सगळें मोजमाप जमिनीच्या पृष्ठभागावरून होत होतें. तीच तार विहिरींत खालीं सोडावी, ही कल्पना आल्सासमध्यें प्रथम प्रत्यक्षांत आली. तेथें पेशेलब्रॉन नांवाचें ठिकाण आहे. या नांवाचा अर्थच ‘डांबराचा झरा’ असा होतो. पंधराव्या शतकापासून तेथील पाण्यावर तेलाचा तवंग येतो याची नोंद आहे, आणि अठराव्या शतकांत तेथें तेलकट वाळू खणून काढण्याचा धंदा चालत असे. अशा या जुन्या तेलक्षेत्रांत दिनांक ५ सप्टेंबर १९२७ रोजीं कोनराड यांचे जांवई आंरी डॉल हे दोन सोबत्यांना घेऊन एका विहिरीवर गेले. बेकलाइटच्या नळ्या जोडून एक लांब दांडा तयार केला होता. त्यावर विद्युदग्रें बसविलीं होतीं. तो दांडा तारेनें विहिरींत सोडला. दर मीटरावर थांबावें, वीज सोडावी, वरच्या यंत्रावर दाब वाचावा, वहींत आंकडा लिहावा, दांडा पुन्हां एक मीटर वर ओढावा, असें तें कंटाळवाणें काम होतें. मागाहून ते आंकडे कागदावर मांडून बिंदु जोडले तेव्हां एक वांकडीतिकडी रेघ तयार झाली. जगांतील विहिरीचा पहिला विद्युत्-आलेख तो हाच. श्लुंबर्जे बंधूंनीं या रीतीला ‘विजेनें काढलेला दगडाचा नमुना’ अशा अर्थाचें नांव दिलें. दगड वर न आणतां त्याची ओळख करून घ्यावयाची, हा त्यांतील भाव.

ही रेघ काय सांगते तें समजण्यास फार मोठी विद्या नको. शाळेंत मुलांना मी एक साधा प्रयोग दाखवीत असें. शुद्ध पाण्यांत दोन तारा बुडविल्या तर जोडलेला दिवा लागत नाहीं. त्यांत मीठ टाकलें कीं दिवा उजळूं लागतो. मीठ न टाकतां तेलांत तारा बुडविल्या तर दिवा लागण्याची आशाच नको. भूगर्भांतहि हेंच घडतें. वाळूचा कण वीज नेत नाहीं, तेलहि नेत नाहीं. वीज जाते ती कणांमधल्या खाऱ्या पाण्याच्या वाटेनें. म्हणून ज्या थरांत खारें पाणी भरपूर तेथें विजेला रोध कमी. आणि जेथें त्या पाण्याची जागा तेलानें घेतली तेथें रोध अधिक. रेघ एकाएकीं उंच चढली कीं तेथें तेल असण्याचा संभव. हाच तो धूर.

या आलेखाचा पहिला उपयोग तेल ओळखण्यापेक्षां थर जुळविण्यासाठींच अधिक झाला. एका विहिरींतील रेघेचीं शिखरें आणि दऱ्या शेजारच्या विहिरींत तशाच क्रमानें, पण थोड्या खालीं किंवा वर आढळत. त्यावरून तो थर कोणत्या दिशेस उतरत गेला आहे, कोठें तुटला आहे, हें समजूं लागलें. एकाच हस्ताक्षराचीं दोन पत्रें ओळखावीं तसें हें काम होतें. १९२९ सालीं ही पद्धति व्हेनेझुएला, अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें आणि सोव्हिएत रशिया येथें गेली, आणि थोड्याच अवधींत डच ईस्ट इंडीजमध्येंहि पोंचली.

विहिरींवर काम करतांना एक विलक्षण गोष्ट ध्यानांत आली. वीज सोडली नसतांहि यंत्राचा कांटा हलत असे. दुसरा एखादा माणूस हा यंत्राचा दोष समजून गप्प बसला असता. या मंडळींनीं त्याचें कारण शोधलें. विहिरींतील चिखलाचें पाणी आणि थरांतील खारें पाणी यांच्या खारटपणांत फरक असतो. मध्यें चिकणमातीचे थर असतात. आणि या तिघांच्या संयोगानें जमिनींत आपोआप एक मंद विद्युद्घट तयार होतो. द्रव आंत शिरूं देणाऱ्या वाळूच्या थरासमोर हा दाब एका बाजूस झुकतो, चिकणमातीसमोर तो स्थिर राहतो. १९३१ पासून हा स्वयंभू दाब रोधाच्या जोडीनें नोंदला जाऊं लागला. म्हणजे एका रेघेनें थर वाळूचा कीं मातीचा हें सांगावें, आणि दुसरीनें त्यांत काय भरलें आहे तें सुचवावें, अशी जोडी जमली.

१९३६ सालीं कोनराड श्लुंबर्जे रशियाहून परत येतांना स्टॉकहोम येथें निवर्तले. तोंपर्यंत त्यांच्या रेघा जगभर वाचल्या जात होत्या. परंतु त्या वाचण्याची विद्या अद्याप कच्ची होती. ज्यांनीं एका प्रदेशांत पुष्कळ विहिरी पाहिल्या त्यांना संवयीनें कांहीं समजे. नव्या प्रदेशांत तीच माणसें चांचपडत. याचें कारण न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर हेतूंत व्यभिचार होता. धूर असेल तेथें अग्नि असतोच, पण उंच रोध असेल तेथें तेल असतेंच असें नाहीं. गोड्या पाण्याच्या थराचा रोधहि उंच असतो. ज्यांत पोकळीच नाहीं अशा घट्ट चुनखडीचा रोध तर फारच उंच असतो. उलट, चिकणमाती मिसळलेल्या थरांत तेल असूनहि रोध कमी दिसूं शकतो, कारण त्या मातीला चिकटलेलें पाणी विजेला वाट करून देतें. रेघ सर्वत्र तीच. अर्थ मात्र भिन्न.

हा घोळ बऱ्याच अंशीं ज्यांनीं सोडविला ते शेल कंपनींतील अमेरिकन संशोधक गस आर्ची. १९०७ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरील विहिरींतून वर काढलेले वाळूच्या दगडाचे पुष्कळ तुकडे घेतले, ते ज्ञात खारटपणाच्या पाण्यानें भरले, आणि प्रत्येकाचा रोध मोजला. त्यांना असें आढळलें कीं, पाण्यानें पूर्ण भरलेल्या दगडाचा रोध हा त्या पाण्याच्या स्वतःच्या रोधाच्या ठराविक पट असतो, आणि हा पट दगडाच्या सच्छिद्रतेवर अवलंबून असतो. घट्ट वालुकाश्मांत तो सुमारें सच्छिद्रतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. नंतर इतर संशोधकांनीं प्रयोगशाळांत केलेलीं मापनें तपासून त्यांनीं दुसरा नियम बसविला. पाण्याच्या जागीं तेल शिरलें म्हणजे रोध किती पट वाढतो त्यावरून उरलेल्या पाण्याचें प्रमाण काढतां येतें, आणि येथेंहि नातें सुमारें वर्गाचेंच आहे. त्यांचा हा निबंध १९४२ सालीं प्रसिद्ध झाला. तो लहानसा आहे, पण या शास्त्राचा पाया आजहि त्यावरच उभा आहे.

श्रोत्यांना कंटाळा येणार नसेल तर एक हिशेब करून पाहूं. समजा, एका थराची सच्छिद्रता शेंकडा २०, म्हणजे एक पंचमांश आहे. पांचाचा वर्ग २५. म्हणून तो थर पाण्यानें पूर्ण भरलेला असतां त्याचा रोध त्या पाण्याच्या २५ पट असला पाहिजे. थरांतील पाणी चांगलें खारें असून त्याचा रोध ०.१ ओहम-मीटर आहे असें धरूं. तर पाण्यानें भरलेल्या थराचा रोध २.५ यावयास हवा. प्रत्यक्ष आलेखांत मात्र ४० आला. ४० हे २.५ च्या १६ पट. सोळाचें वर्गमूळ चार. म्हणून पोकळींत पाणी एक चतुर्थांश आणि तेल तीन चतुर्थांश. विहीर उत्तम!

आतां समजा, सच्छिद्रता ठरविण्यांत चूक झाली आणि ती खरोखर शेंकडा १० च होती. तर पट शंभर होतो, पाण्यानें भरलेल्या थराचा रोध १० येतो, आणि तोच ४० चा आंकडा आतां सांगतो कीं पाणी निम्में आहे. पोकळीहि निम्मी, त्यांत तेलहि निम्मेंच. आणि समजा, सच्छिद्रता बरोबर होती, पण थरांतील पाणी खारें नसून बरेंच गोडें, १.६ ओहम-मीटर रोधाचें होतें; तर २५ पट केल्यावर बरोबर ४० येतात. म्हणजे त्या थरांत तेलाचा थेंबहि नाहीं! यंत्रानें तिन्ही वेळां एकच आंकडा दिला. यंत्र खोटें बोललें नाहीं. त्याला जेवढें विचारलें तेवढेंच त्यानें सांगितलें. श्रीमंती आणि दिवाळें यांमधला फरक त्या आंकड्यांत नव्हता, तो आपण गृहीत धरलेल्या गोष्टींत होता. आर्ची यांचें खरें मोठेपण मला यांत वाटतें कीं, आपल्या अनुमानाला कोणकोणत्या गोष्टींचा आधार लागतो हें त्यांनीं उघड करून दाखविलें. पुढें १९५० सालीं ‘पेट्रोफिजिक्स’ हें नांव त्यांच्याच निबंधानें रूढ केलें.

सच्छिद्रता स्वतंत्रपणें मोजल्यावांचून तरणोपाय नाहीं, हें आतां स्पष्ट झालें. त्यासाठीं जें साधन मिळालें त्याची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. १९३४ सालीं रोममध्यें एन्रिको फर्मी यांच्या हाताखालीं कांहीं तरुण शास्त्रज्ञ न्यूट्रॉन कणांचे प्रयोग करीत होते. एकच प्रयोग लाकडी मेजावर केला तर एक उत्तर येई, संगमरवरी मेजावर केला तर दुसरें येई. ही विसंगति ज्यांनीं हेरली त्यांत ब्रूनो पोंतेकोर्वो हा एक तरुण होता. लाकडांत हायड्रोजन पुष्कळ असतो, आणि हायड्रोजनचे अणु न्यूट्रॉनांचा वेग मंद करतात, हें त्याचें रहस्य निघालें. पोंतेकोर्वो ज्यू होता. १९४० सालीं जर्मन सैन्य पॅरिसवर चालून आलें तेव्हां तो तेथून निसटला आणि अमेरिकेंत ओक्लाहोमा संस्थानांतील टल्सा या तेलाच्या गांवीं पोंचला. तेथें त्यानें लाकडी मेजाचा धडा विहिरींत लागू केला. पाणी आणि तेल या दोहोंतहि हायड्रोजन असतो; कोरड्या चुनखडीच्या दगडांत तो नसतो. तेव्हां विहिरींत न्यूट्रॉनांचा उगम सोडून ते किती मंदावतात हें पाहिलें कीं दगडांत पोकळी किती तें समजतें. १९४१ सालीं त्यानें ही पद्धति प्रसिद्ध केली. (हाच शास्त्रज्ञ १९५० सालीं एकाएकीं नाहींसा होऊन सोव्हिएत रशियांत प्रगट झाला, पण तो निराळ्या इतिहासाचा विषय आहे.)

याच सुमारास चिकणमातीच्या थरांतून निघणारे स्वाभाविक गॅमा किरण मोजण्याची पद्धतिहि प्रचारांत आली. हे किरण पोलादी नळांतूनहि बाहेर येतात, त्यामुळें पूर्वीच नळ घालून बंद केलेल्या जुन्या विहिरींची परीक्षा नव्यानें करतां येऊं लागली. कित्येक विसरलेले थर असे पुन्हां हातीं लागले. युद्धकाळांत आंरी डॉल यांनीं जमिनींत पुरलेले सुरुंग शोधण्याच्या यंत्रावर काम केलें होतें; त्या अनुभवांतून त्यांनीं विद्युदग्रांचा स्पर्श न होतां केवळ प्रेरणेनें रोध मोजण्याचें साधन सिद्ध केलें आणि १९४९ सालीं त्याची माहिती प्रसिद्ध केली. ज्या विहिरींत तेलमिश्रित, म्हणजे वीज न नेणारा चिखल वापरीत, तेथें पूर्वीचीं साधनें मुकीं होत. त्या विहिरी आतां बोलूं लागल्या. पुढें ध्वनि दगडांतून किती वेगानें जातो हें मोजणारें यंत्र आलें, आणि १९६० नंतरच्या काळांत गॅमा किरणांच्या साह्यानें दगडाची घनता मोजणारें यंत्रहि रूढ झालें.

इतक्या यंत्रांची गरज काय, असें कोणी विचारील. कुशल वैद्य नुसती नाडी पाहून औषध देत नाहीं; तो जीभ पाहतो, डोळे पाहतो, त्वचा आणि आवाज पारखतो, कारण एकेका लक्षणाचीं कारणें अनेक असतात. तसेंच येथें आहे. नैसर्गिक वायूनें भरलेल्या थराचें उदाहरण घ्या. वायूंत हायड्रोजन विरळ, म्हणून न्यूट्रॉनयंत्र सांगतें कीं येथें पोकळी कमी आहे. वायु हलका, म्हणून घनतायंत्र सांगतें कीं येथें पोकळी पुष्कळ आहे. दोघांची साक्ष एकमेकांविरुद्ध जाते, आणि त्या विरोधांतूनच ‘येथें वायु आहे’ हा निर्णय निघतो. यांतील एकच साक्षीदार बोलाविला असता तर न्याय चुकला असता.

या शास्त्राचा आपल्या प्रदेशाशींहि प्रत्यक्ष संबंध आहे. १९५६ सालीं स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायु आयोगाला १९७४ च्या फेब्रुवारींत मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर, समुद्राच्या तळाखालीं, तेल लागलें. ‘सागर सम्राट’ हें नांव त्या वेळीं घरोघर पोंचलें. मुंबई हाय येथील मुख्य तेल आहे तें चुनखडीच्या थरांत. चुनखडीची पोकळी वाळूसारखी एकजिनसी नसते. कोठें दगड विरघळून भोंकें पडलेलीं, कोठें तो अगदीं भरीव, आणि मधूनमधून मातीचे पातळ थर. अशा ठिकाणीं आर्ची यांचा नियम आंधळेपणानें लावून चालत नाहीं. चुनखडीचे दगड वाळूच्या दगडांहून निराळे हाताळावे लागतात, हें स्वतः आर्ची यांनींच १९५२ सालीं एका निबंधांत त्यांचें वर्गीकरण करून दाखविलें होतें.

दुसरें उदाहरण कोयनेचें. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण महाराष्ट्र विसरलेला नाहीं. त्या परिसरांत भूकंप कां होत राहतात याचा शोध घेण्यासाठीं गोठणे येथें एक वेधनविहीर घेण्यांत आली आणि २०१७ सालीं ती सुमारें तीन किलोमीटर खोल गेली. तेथें तेलाचा प्रश्नच नव्हता. काळ्या कातळाचे थर सुमारें साडेबाराशे मीटरपर्यंत गेले, आणि त्यांखालीं ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक लागला. त्यांतील भेगा कोठें आहेत, त्या कोणत्या दिशेस जातात, उष्णता किती वाढते, हें सांगण्याचें काम याच जातीच्या यंत्रांनीं केलें. कराड येथें या संशोधनासाठीं एक स्वतंत्र प्रयोगशाळाहि आहे. पेशेलब्रॉनच्या विहिरींत तेलासाठीं सोडलेली तार अशी सह्याद्रीच्या पोटांत भूकंपाचें कारण विचारीत उतरली.

आज या यंत्रांचे आंकडे क्षणार्धांत गणकयंत्रावर उमटतात आणि रंगीत पट्टे होऊन समोर येतात. ते इतके रेखीव दिसतात कीं पाहणाऱ्याला हें प्रत्यक्ष दर्शनच वाटावें. परंतु तें प्रत्यक्ष नव्हे. १९२७ सालीं वहींत लिहिलेला आंकडा जसा अनुमानाचा हेतु होता तसाच आजचा रंगीत पट्टाहि आहे. पाण्याचा खारटपणा कोणी तरी गृहीत धरलेला असतो, मातीचें प्रमाण कोणी तरी ठरविलेलें असतें, आणि त्या माणसानें आपलें गृहीत पुन्हां तपासलें कीं नाहीं यावर थर चालविला जाणार कीं गाडला जाणार हें अवलंबून असतें. म्हणून जाणते लोक अजूनहि अधूनमधून तें महागडें गाजर, तो दगडाचा खराखुरा तुकडा, वर काढून घेतात आणि आपल्या अनुमानाला त्याच्याशीं ताडून पाहतात.

आपला पाणाड्याहि कधीं कधीं बरोबर ठरतो. पण कोरडी विहीर निघाली म्हणजे ती कां निघाली हें त्याला सांगतां येत नाहीं, आणि म्हणून पुढच्या वेळीं त्याची फांदी पूर्वीसारखीच झुकते. या शास्त्रानें मात्र प्रत्येक कोरड्या विहिरीकडून कांहींतरी शिकून आपला नियम सुधारला. श्लुंबर्जे, डॉल, आर्ची आणि पोंतेकोर्वो यांच्या परंपरेचा हाच विशेष आहे, आणि तो आपल्या मुलांना शिकवावा अशा योग्यतेचा आहे, एवढें नम्रपणें सुचवून मी आपली रजा घेतों.